दौलताबादी कागद आणि हातबांधणीची विद्या

जुन्या हस्तलिखित पोथीच्या शेवटल्या पानावर लेखकानें शक, मास, तिथि, आपलें नांव आणि गांव लिहून ठेवण्याचा प्रघात होता. त्या मजकुराच्या जोडीला पुष्कळदां एक संस्कृत श्लोकही आढळतो. तो पोथीच्याच तोंडीं घातलेला असतो. तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून माझें रक्षण करा, आणि मला मूर्खाच्या हातीं देऊं नका, अशी विनवणी पोथी त्यांत वाचकाला करते. तेल, पाणी आणि मूर्ख यांचें भय कोणालाही समजण्यासारखें आहे. परंतु सैल बांधणीला त्याच पंक्तींत बसविणारा तो अज्ञात श्लोककार ग्रंथांचा खरा जाणकार असला पाहिजे. ग्रंथ एका दिवसांत मरत नाहीं. प्रथम बंद सैल होतो, मग कडेचें एक पान निसटतें, मग दुसरें, आणि अखेर आरंभ व शेवट नसलेला एक गठ्ठा उरतो. कर्त्याचें नांव आणि काळ बहुधा शेवटच्या पानावर असतात. म्हणून सैल बांधणी सर्वांत आधीं इतिहासाचाच घांस घेते.

ग्रंथाला धरून ठेवणारी ही विद्या मोठ्या मानाची कधींच समजली गेली नाहीं. कवीचें नांव राहतें, लेखनिकाचें क्वचित् राहतें, बांधणाराचें बहुधा राहत नाहीं. तथापि ज्या शहराला आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात आणि ज्याचें नांव सन २०२३ पर्यंत कागदोपत्रीं औरंगाबाद असें होतें, त्याच्या परिसरांत कागद बनविणारे, लिहिणारे आणि बांधणारे असे तिन्ही वर्ग दीर्घकाळ एकमेकांच्या आधारानें नांदले. त्यांपैकीं एकाचा धंदा मोडला कीं दुसऱ्याचा कसा मोडतो, आणि मोडत आलेली हातविद्या पुन्हां कशाच्या बळावर उभी राहूं शकते, हें समजून घेण्यास हा परिसर फार बोधप्रद आहे.

दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान कागजीपुरा नांवाचें एक लहानसें गांव आहे. नांवावरूनच गांवाचा धंदा कळतो. दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक यानें सन १३२७ मध्यें देवगिरीस आपली राजधानी आणली आणि तिला दौलताबाद हें नांव दिलें. त्या वेळीं उत्तरेकडून जे कारागीर दक्षिणेंत आले त्यांत कागद करणारे कागजीही होते, आणि सुलतान परत गेला तरी ते येथेंच राहिले, असें तेथील परंपरा सांगते. कागदाची विद्या मुळांत चीनची. इसवी सन १०५ मध्यें चाइ लुन या दरबारी अधिकाऱ्यानें ती बादशहापुढें मांडली, असें चिनी इतिहासांत नमूद आहे. आठव्या शतकांत ती समरकंदास आणि तेथून बगदादेस पोंचली, आणि पुढें कालांतरानें हिंदुस्थानांत पसरली. राजधानीला अन्नाखालोखाल कागद लागतो. फर्मानें, सनदा, जमाखर्च आणि खलिते यांवांचून राज्य चालत नाहीं. तेव्हां कागद्यांचें गांव राजधानीच्या उंबरठ्यावर वसावें हें स्वाभाविकच होतें.

हा कागद करण्याची दक्षिणेंतील रीत अशी होती. तागाचे जुने दोर, गोणपाट आणि चिंध्या बारीक तोडून चुन्याच्या पाण्यांत भिजत घालीत, पायानें चालविण्याच्या ढेंकीखालीं कुटीत, वाहत्या पाण्यांत धूत आणि पुन्हां कुटीत. हा लगदा पाण्यानें भरलेल्या हौदांत कालवला जाई. कारागीर हौदाच्या कांठीं बसे, गवताच्या काड्यांची बारीक चटई लांकडी चौकटीवर ठेवून ती पाण्यांत बुडवी आणि दोन्ही हातांनीं सपाट उचली. पाणी गळून जाई आणि चटईवर तंतूंची एक पातळ साय उरे. ओले ताव एकावर एक रचून ते दाबीत, मग एकेक ताव सोडवून गुळगुळीत भिंतीवर चिकटवून वाळवीत. वाळलेल्या तावाला खळ देत आणि शेवटीं तो गुळगुळीत दगडानें घोटीत. घोटलेल्या कागदावर बोरू अडखळत नसे आणि शाई फुटत नसे. दौलताबादी आणि जुन्नरी हीं नांवें मराठी दप्तरांत कागदाच्या जातीचीं नांवें म्हणून रूढ झालीं, यावरून या मालाचा लौकिक केवढा होता याची कल्पना येईल.

मराठी संतवाङ्मयालाही देवगिरीचा हा शेजार लाभलेला आहे. पैठणच्या एकनाथांचे गुरु जनार्दनस्वामी हे देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाहीच्या चाकरींत मोठे अधिकारी होते, आणि एकनाथ त्यांच्यापाशीं राहून किल्ल्याचा हिशेब पाहत असत. हिशेबांतील एका पैची चूक शोधण्यासाठीं रात्रभर जागलेल्या एकनाथांची आख्यायिका मराठी मुलांना पाठ असते. त्या गोष्टींत पै असते, दिवा असतो, गुरूंचें कौतुक असतें. ज्या कागदांवर ती रात्र सरली ते कोणाच्या हातचे, हें कोणी विचारीत नाहीं. कागजीपुऱ्याची परंपरा खरी धरली तर ते हात किल्ल्यापासून थोड्याच अंतरावर होते.

याच एकनाथांनीं पुढें शके १५०६ म्हणजे सन १५८४ मध्यें ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली. मधल्या तीनशें वर्षांत एका प्रतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा नकला होत गेल्या. ओव्या गळल्या, नव्या घुसल्या, शब्द बदलले. मूळ प्रत हातीं राहिली असती तर पाठ ताडून पाहण्याचे एवढे कष्ट पडले नसते. ग्रंथाला जगविणारे हात दोन प्रकारचे असतात हें यावरून दिसतें. एक नवी प्रत लिहिणारा, आणि दुसरा जुनी प्रत सांभाळणारा. पहिल्याची कीर्ति आपण गातों. दुसऱ्यानें हयगय केली म्हणजे पहिल्याच्या श्रमांत चुका शिरतात, याचा मात्र विसर पडतो.

पानें एकत्र ठेवण्याच्या या प्रांतांत मुख्यतः तीन रीती होत्या. पहिली पोथीची. तिचीं पानें आडवीं आणि सुटीं असत. वरखालीं लांकडी फळ्या किंवा जाड पुठ्ठे आणि त्यांवर कापडी बासन. एखादी गोष्ट बासनांत गुंडाळून ठेवणें हा वाक्प्रचार तेथूनच आला. दुसरी रीत वहीची आणि बाडाची. ताव दुमडून ते मध्यें किंवा वरच्या अंगाला शिवून टाकले कीं काखोटीस मारून कोठेंही नेतां येत. कीर्तनकारांचीं पदें आणि अभंग अशा बाडांतून गांवोगांव फिरले. तिसरी रीत जिल्दीची, आणि ती फारसी व अरबी ग्रंथांबरोबर इकडे आली. या ग्रंथाच्या चामडी पुठ्ठ्याला पाकिटाच्या झांकणासारखी एक जीभ असे. ती पानांच्या मोकळ्या कडेवरून वळवून वरच्या पुठ्ठ्याखालीं खोंचीत, म्हणजे धुळीला शिरकाव मिळत नसे. पानाच्या तळाशीं पुढल्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवीत. तो वाचकापेक्षांही बांधणाराच्या सोयीचा होता, कारण त्यावरून पानांचा क्रम चुकत नसे. सरकारी दप्तराची तऱ्हा याहून निराळी. तेथें कागद चौकोनी रुमालांत बांधीत, आणि पुण्याच्या पेशवे दप्तरांत असे हजारों रुमाल आहेत.

जिल्द बांधणें हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. कांहीं ताव एकांत एक घालून दुमडले म्हणजे एक जुज होतो. प्रत्येक जुजाच्या घडीच्या मध्यांतून सुई काढून तो शेजारच्या जुजाशीं आणि पाठीवरून जाणाऱ्या दोऱ्यांशीं किंवा फितींशीं गुंतवितात. याला जुजबंदी म्हणतात. शिवण फार ताणली तर कागद कापला जातो, ढिली राहिली तर पुस्तक डुलूं लागतें. ही बेताची ओढ पुस्तकांत वाचून येत नाहीं, ती बोटांना शिकावी लागते. मग शिकंज्यांत दाबून पाठीला खळ लावतात. ही खळ गव्हाच्या पिठाची किंवा मैद्याची, आणि तिला कीड लागूं नये म्हणून तींत थोडा मोरचूद घालण्याची चाल आहे. त्यानंतर अस्तराचे कागद, पुठ्ठे आणि वर कापड किंवा बकऱ्याचें अथवा मेंढीचें कातडें. या सर्व कृतीचा मोठा गुण असा कीं ती उसवतां येते. दोरा कापला, ओल्या फडक्यानें खळ सैल केली, कीं पानें जशीच्या तशीं मोकळीं होतात आणि तोच ग्रंथ शंभर वर्षांनीं पुन्हां नव्यानें शिवतां येतो. हातबांधणीनें दुरुस्तीची वाट मोकळी ठेवलेली असते.

या तिन्ही रीतींचीं पुस्तकें ज्या शहरांत एकत्र नांदलीं तें शहर मलिक अंबरानें सन १६१० मध्यें खडकी या नांवानें वसविलें. सन १६५३ मध्यें औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार असतांना त्याला औरंगाबाद हें नांव मिळालें. सन १६८१ मध्यें बादशहा स्वतः दक्षिणेच्या मोहिमेवर निघाला आणि मग मोंगली दप्तराचा केवढा तरी भाग या बाजूस लोटला. पुढें अठराव्या शतकांत याच शहरांत मराठी कवि अमृतराय आपले झपाट्याचे कटाव रचीत होते आणि त्याच काळीं सिराज औरंगाबादी उर्दू गझला लिहीत होते. बाबा शाह मुसाफिर यांच्या पाणचक्कीच्या स्थानांत गुलाम अली आझाद बिलग्रामी यांच्यासारखा अरबी-फारसीचा पंडित वस्तीस होता. एकाचें बाड, दुसऱ्याचा दिवाण, तिसऱ्याचा चरित्रकोश. लिपि निराळ्या, धर्म निराळे, पण कागद, दोरा आणि खळ यांची गरज सर्वांची सारखीच. कारागिराच्या दृष्टीनें हीं सर्व एकाच बाजारपेठेचीं गिऱ्हाइकें होतीं.

या बाजारपेठेला पहिला धक्का बसला तो सन १७६३ मध्यें. निजाम अलीखानानें राजधानी हैदराबादेस नेली. दरबार गेला कीं मुनशी जातात, मुनशी गेले कीं कागदाची मागणी घटते. तरीही देशमुख, देशपांडे, सावकार, मठ आणि दर्गे यांच्या आश्रयावर हात चालत राहिले. दुसरा धक्का छापखान्याचा. आरंभीं तो मुंबई-पुण्याकडेच जाणवला. मुंबईस गणपत कृष्णाजी यांनीं छापखाना काढला तेव्हां छापील शाईंत चरबी असते म्हणून सनातनी लोक छापलेल्या ग्रंथाला शिवत नसत. गणपत कृष्णाजींनीं तुपाची शाई करून ती अडचण सोडविली. पोथीच्या रूपाबद्दलचा आग्रह तर त्याहूनही चिवट निघाला. धार्मिक ग्रंथ पुढें कित्येक वर्षें शिळाछापावर निघाले तेही आडव्या, सुट्या पानांचे. यंत्र आलें तरी वाचकाच्या हाताची संवय बदलण्यास दोन पिढ्या लागल्या. ज्यांनीं नव्या पद्धतीचीं पुस्तकें घेतलीं त्यांना मात्र शिवलेल्या बांधणीवांचून चालणें शक्य नव्हतें. म्हणून छापखान्यानें कागद्याचें काम हिरावलें, आणि बांधणाराला कांहीं काळ नवें काम दिलें.

कागद्याचें काम खरोखर बुडविलें तें गिरण्यांनीं. सन १८८५ मध्यें पुण्याजवळ मुंढवें येथें डेक्कन पेपर मिल्स कंपनी स्थापन झाली. बंगालमध्यें त्याआधींच गिरण्या निघाल्या होत्या आणि विलायती कागद तर बंदरांत उतरतच होता. सन १९०० च्या सुमारास मनमाडहून हैदराबादेकडे जाणारी रेल्वे औरंगाबादेवरून सुरू झाली. जो गिरणीचा कागद पूर्वीं बैलगाडीनें यावा लागे तो आतां स्टेशनांत येऊन पडूं लागला. एक ताव उचलण्यास, वाळविण्यास आणि घोटण्यास ज्याला हात लागतात त्यानें यंत्राच्या भावाशीं टक्कर द्यावी कशी? कागजीपुऱ्यांतील हौदांचा राबता ओसरत गेला.

सन १९१६ मध्यें आणखी एक गोष्ट घडली. औरंगाबादच्या किल्ले-अर्कांत शहाजहान व औरंगजेब यांच्या काळचे जे मोंगली कागद पडून होते ते हैदराबादच्या दफ्तर-ए-दिवानींत हलविण्यांत आले. त्यांची संख्या सुमारें दीड लक्ष भरली. त्यांतील निवडक कागद पुढें छापले गेले आणि दक्षिणेच्या इतिहासाच्या अभ्यासाला त्यामुळें मोठा आधार मिळाला. येथें ध्यानांत घेण्यासारखें असें कीं अडीचशें वर्षें किल्ल्यांत पडून राहिलेले ते कागद वाचण्याजोगे निघाले. त्याच सुमारास मौलवी अब्दुल हक यांच्यामुळें अंजुमन-तरक्की-ए-उर्दूचें कार्यालय औरंगाबादेस आलें, आणि तेथून सन १९२१ मध्यें ‘उर्दू’ हें त्रैमासिक निघालें. दख्खनी भाषेचीं जुनीं हस्तलिखितें शोधून तीं उजेडांत आणण्याचें मोठें काम अब्दुल हक यांनीं केलें. तें काम साध्य झालें याचें श्रेय जसें त्यांच्या चिकाटीला तसेंच त्या कागदालाही आहे.

या ठिकाणीं एक विपरीत गोष्ट ध्यानीं येते. तीनशें वर्षांपूर्वींचा हातकागद आजही हातांत घेतला तर लवचीक राहिलेला दिसतो, आणि शंभर वर्षांपूर्वींचें छापील पुस्तक उघडलें तर त्याच्या पानाचा तुकडा बोटाला लागून येतो. याचें कारण रसायनशास्त्रांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर गिरण्यांनीं चिंध्यांऐवजीं लांकडाचा लगदा वापरण्यास आरंभ केला, आणि शाई फुटूं नये म्हणून राळ व तुरटी यांचें मिश्रण त्यांत घातलें. तुरटीमुळें कागदांत अम्ल उत्पन्न होतें आणि तें तंतूंना आंतून हळूहळू तोडीत जातें. हातकागद चुन्याच्या पाण्यांतून आलेला असतो, आणि चुना अम्लाचा वैरी. ज्यांनीं तो केला त्यांना हें शास्त्र ठाऊक नव्हतें. परंतु त्यांच्या कृतींत तें होतें. आजच्या घराघरांतील कपाटांकडे पाहिलें तर धोक्यांत आहेत तीं आजोबांनीं विकत घेतलेलीं छापील पुस्तकें आणि मासिकें. पणजोबांच्या पोथ्या त्यामानानें धडधाकट आहेत.

हातकागदाचें पुनरुज्जीवन करण्याचा पहिला मोठा प्रयत्न गांधीजींच्या प्रेरणेनें झाला. सन १९३४ मध्यें वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्याच्या कार्यक्रमांत हातकागदाला स्थान मिळालें. के. बी. जोशी यांनीं या विषयाचे प्रयोग केले, त्यावर पुस्तक लिहिलें, आणि सन १९४० मध्यें पुण्यास हातकागद संस्था उभी राहिली. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनीं कागदाच्या इतिहासावर अभ्यासपूर्ण लेख लिहिले ते याच काळांत. सन १९३७ मध्यें वर्ध्याच्या परिषदेंतून मूलोद्योग शिक्षणाची जी योजना पुढें आली तींतही पुठ्ठेकामाला जागा होती, आणि पुष्कळ शाळांतून मुलें आपल्या वह्या आपण बांधूं लागलीं. कागजीपुऱ्याची परंपराही एकविसाव्या शतकापर्यंत टिकून राहिली आहे. तागाच्या जागीं आतां सुती कापडाचीं कातरणें आलीं आहेत एवढेंच.

मग उणें कोठें पडलें? उणें गिऱ्हाइकांत पडलें. जुन्या काळीं हातकागदाला दप्तर, मठ आणि पेढी यांची नित्याची मागणी होती. नव्या काळांत तो लग्नपत्रिका, शुभेच्छापत्रें, पिशव्या आणि प्रवाशांनीं भेट म्हणून न्यावयाच्या वह्या यांवर येऊन ठेपला. शोभेची वस्तु वर्षांतून एकदां विकत घेतली जाते, कामाची वस्तु रोज लागते. आणि हातविद्येला रोजचें काम लागतें. बांधणारांचें दैवही असेंच फिरलें. कीर्द-खतावण्या, शाळेचीं हजेरीपटें, कचेऱ्यांचीं नोंदबुकें आणि वाचनालयांचीं पुस्तकें यांवर शहरोशहरींच्या बाइंडरांचीं दुकानें चालत. हिशेब संगणकावर गेला आणि चोपड्या बंद झाल्या. नव्या पुस्तकांच्या पाठी यंत्रानें सपाट कापून गरम गोंदानें चिकटवितात. अशा पुस्तकाला जुज राहत नाहींत, म्हणून तें सुटलें कीं पुन्हां नीट शिवतांही येत नाहीं. शिकंजा दुकानाच्या कोपऱ्यांत उभा राहतो, आणि त्याच्यापाशीं बसणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराचा मुलगा दुसऱ्या धंद्यास लागतो.

धंदा म्हणून जी विद्या टिकत नाहीं ती हौस म्हणून टिकवून काय उपयोग, असा प्रश्न येथें कोणी करील. त्याचें उत्तर इंग्लंडच्या इतिहासांत मिळतें. तेथेंही एकोणिसाव्या शतकांत यंत्रानें हातबांधणी मागें सारली होती. अशा वेळीं टी. जे. कॉब्डन-सँडरसन नांवाच्या एका बॅरिस्टरानें, विल्यम मॉरिस यांच्या पत्नीच्या सूचनेवरून, वयाच्या चाळिशीनंतर वकिली सोडून पुस्तकबांधणी शिकण्यास आरंभ केला. सन १८९३ मध्यें त्यानें लंडनच्या हॅमरस्मिथ भागांत डव्ह्ज बाइंडरी काढली. तेथें तयार झालेल्या डग्लस कॉकरेल यानें सन १९०१ मध्यें बांधणी आणि ग्रंथांची निगा या विषयावर पुस्तक लिहिलें आणि पुढें अनेकांना ती विद्या दिली. कॉकरेलच्या हाताखालीं काम केलेल्या रॉजर पॉवेल यानें सन १९५३ मध्यें आयर्लंडचा सुप्रसिद्ध प्राचीन ग्रंथ ‘बुक ऑफ केल्स’ नव्यानें बांधला. पॉवेलचा सहकारी पीटर वॉटर्स. आणि ४ नोव्हेंबर १९६६ रोजीं आर्नो नदीच्या पुराचें पाणी फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत शिरून लक्षावधि ग्रंथ चिखलांत बुडाले, तेव्हां ते वांचविण्याच्या कामाची घडी बसविणारांत हाच वॉटर्स अग्रभागीं होता.

एका वकिलाच्या हौसेंतून निघालेली ही परंपरा चार पिढ्यांनीं एका परक्या राष्ट्राच्या ग्रंथभांडाराला उपयोगीं पडली. तिचा उपयोग केव्हां होणार हें सन १८९३ मध्यें कोणालाही सांगतां आलें नसतें. फ्लॉरेन्सच्या त्या कामांत असेंही दिसून आलें कीं मऊ चर्मपत्राच्या साध्या वेष्टनांत शिवलेले, पाठीला फारसा सरस न फांसलेले जुने ग्रंथ पुरांतून सर्वांत कमी बिघाडानें बाहेर आले. साधी शिवण ही भपकेबाज पुठ्ठ्याहून श्रेष्ठ ठरली. आज जगभर ग्रंथसंवर्धनाचें जें शास्त्र शिकवितात त्याला या पुराच्या अनुभवाचा मोठा आधार आहे.

छत्रपती संभाजीनगरांत हातबांधणीचें एखादें मंडळ उभें राहावयाचें तर त्याला लागणारी सामग्री अन्य कोठून आणावी लागणार नाहीं. चांगला हातकागद वीसएक किलोमीटरांवर होतो. पुठ्ठ्यावर चढविण्यास या शहराचेंच हिमरू कापड आहे. विद्यापीठ आहे, महाविद्यालयें आहेत, जुनीं वाचनालयें आहेत. जुने बाइंडर जोंवर हयात आहेत तोंवर शिक्षकांचीही वाण नाहीं. मात्र त्यांना उचित वेतन देऊन गुरूच्या मानानें बोलाविलें पाहिजे. आठवड्याची एक संध्याकाळ, एक शिकंजा, सुई, मेण लावलेला दोरा आणि खळीचें भांडें एवढ्यावर आरंभ होऊं शकतो. पहिल्या महिन्यांत प्रत्येकानें आपली एक वही बांधावी, दुसऱ्यांत मुलांचा फाटका शब्दकोश, आणि हात बसल्यावर मोहल्ल्याच्या वाचनालयांतील रोज हाताळलीं जाणारीं पुस्तकें. असें मंडळ कागजीपुऱ्याला नित्याचें गिऱ्हाईक देईल, बाइंडराला शिष्य देईल आणि वाचनालयाला दुरुस्त पुस्तकें देईल. तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत. एकटी कोणतीही टिकणार नाहीं, हेंच गेल्या अडीचशें वर्षांच्या इतिहासानें दाखविलें आहे.

अशा कामाला कांहीं पथ्येंही पाळावीं लागतात. खऱ्या प्राचीन हस्तलिखिताला शिकाऊ हात लावूं नये. तें संवर्धनतज्ज्ञांचें काम आहे, आणि सन २००३ मध्यें राष्ट्रीय पांडुलिपि मिशन निघाल्यापासून त्याविषयीं देशांत पुष्कळ मार्गदर्शन झालेलें आहे. फाटल्या पानावर पारदर्शक चिकटपट्टी कधींही लावूं नये. तिचा गोंद पिवळा पडून कागदांत मुरतो आणि मग निघत नाहीं. जुन्या कागदाला प्लॅस्टिकांत बंद करणें हा तर कायमचा तुरुंगवास. कडा सारख्या करण्याच्या मोहानें समास कापूं नयेत, कारण समासांतच पूर्वींच्या वाचकांच्या टीपा असतात. आणि पुठ्ठा बदलला तरी आंतील पहिलें व शेवटचें पान, मग तें कोरें कां असेना, टाकून देऊं नये. पुष्कळ घराण्यांच्या जन्ममृत्यूच्या तिथी त्याच पानांवर लिहिलेल्या असतात.

मराठवाड्यांत आणि अन्यत्रही असें जुनें घर विरळा, जेथें माळ्यावर एखादें बासन, एखादें बाड किंवा पाठ सुटलेलें पुस्तक पडलेलें नाहीं. ज्यांनीं तें लिहिलें ते गेले, आणि ज्यांनीं त्याचा कागद उचलला व ज्यांनीं तें शिवलें त्यांचीं तर नांवेंही उरलीं नाहींत. त्यांचे श्रम मात्र अद्याप आपल्या घरांत आहेत. येत्या पावसाळ्यापूर्वीं तें बासन खालीं काढावें, कोरड्या मऊ फडक्यानें धूळ झाडावी, पानें मोजून क्रमानें लावावीं, आणि स्वच्छ सुती कापडांत घालून बंद आवळून बांधावा. पोथीनें केलेल्या विनवणीपैकीं एवढी एक तरी प्रत्येक घराला पुरवितां येण्यासारखी आहे.